एक हजार एकसष्ट दिवस जागा राहिलेला सर्व्हर

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरांची चाकरी करणारा कॉम्प्युटर. दिसायला मात्र मी गुडघ्याएवढी काळी लोखंडी पेटी, तोंडाला जाळी. लातूरला मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उद्धव सरांच्या आईला वाटलं, लेकानं नवा कूलर आणला. पाणी कुठून ओतायचं ते शोधत त्यांनी भरल्या तांब्यानिशी माझ्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. कुणी वेळेवर हात धरला नसता तर माझं आत्मवृत्त तिथंच संपलं असतं.

माझा जन्म नेमका कुठं झाला ते मलाही ठाऊक नाही. पेटी एका देशात ठोकली, चिपा दुसऱ्या देशात भाजल्या, आणि पुण्याच्या एका दुकानात मला जोडून उभं केलं. लातूरला येताना आमचा टेम्पो चिखलात रुतला, तेव्हा देवणी बैलांच्या जोडीनं मला थेट लातूरच्या मोठ्या चौकापर्यंत ओढत आणलं. बरं, चौकापर्यंत नाही, चिखलाच्या बाहेर. म्हाताऱ्या पेटीला एवढी सूट द्यावी लागते.

उद्धव सर गणित शिकवत. त्यांचे क्लासेस म्हणजे तीन मजली इमारत, पुढं मैदान, आणि मागं मुलामुलींची दोन वसतिगृहं. त्या काळात लातूरला शिकवणीचं असं काही पीक आलं होतं की गल्लीत दगड मारला तर तो एकतर मेसच्या पातेल्यात पडायचा नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात. बिलोलीपासून, कंधारपासून, देवणीपासून पोरं यायची. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि आईनं बांधून दिलेला चिवडा. डॉक्टर व्हायचं, नाहीतर इंजिनिअर. तिसरं काही व्हायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

माझं काम मोठं होतं. पोरं माझ्यावर सराव परीक्षा देत. गुण मी ठेवी, हजेरी मी ठेवी. कोणत्या खोलीत कोण राहतं, घरचा फोन कुठला, सारं माझ्या पोटात. पोरगी वर्गात दिसली नाही की पाचव्या मिनिटाला तिच्या बापाच्या फोनवर मेसेज. तो क्लासच्या नावानं जायचा, म्हणून घरची माणसं त्याला देवाच्या कौलासारखं मानायची. मेसेज आला म्हणजे खरंच असणार. हे लक्षात ठेवा, मित्रांनो.

आणि माझा राखणदार होता ग्यानोबा. क्लासचा शिपाई, वय पन्नाशीचं, डोक्याला पांढरा रुमाल. माझी वीज, माझी हवा, माझी धूळ, सगळा जिम्मा त्याचा. लाईट गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर थकला की जनरेटर. एकदा दोन्ही बसले, तेव्हा तो शेजारच्या गॅरेजातून ट्रकची बॅटरी डोक्यावर घेऊन दोन जिने चढला. मी तर म्हणेन, ट्रकसकट चढला असता.

ग्यानोबाच्या गावी दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसे. सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकवायची नसते, हे तुम्हाला माहीत असेल. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पहाऱ्यामागून पहारा. ग्यानोबानं मलाही तसंच धरलं. सकाळी दार उघडलं की दारामागं खडूनं एक रेघ ओढायचा. मी बंद न पडता चाललो, त्याचा एक दिवस. शंभर झाल्या, पाचशे झाल्या. हजाराव्या रेघेला सरांनी माझ्यापुढं नारळ फोडला आणि पोरांना पेढे वाटले. नवीन पालक आले की सर त्यांना माझ्या खोलीत आणायचे. "बघा, हजार दिवस मशीन बंद नाही. आमची शिस्त अशी आहे." पालक माझ्याकडं बघून हात जोडायचे. मी पंखा थोडा जोरात फिरवायचो. गर्व होता, दुसरं काय!

त्याच उन्हाळ्यात लातूरला प्यायचं पाणी आगगाडीनं आलं. सारं गाव घागरी घेऊन रांगेत, आणि मला एक थेंबही लागत नाही म्हणून सर माझं आणखीच कौतुक करायचे.

पण माझ्या पोटातल्या डिस्क म्हाताऱ्या झाल्या होत्या. दुरुस्तीवाला येऊन कान लावून गेला आणि म्हणाला, "फिरतीय तोवर फिरतीय. एकदा थांबली तर पुन्हा उठंल ह्याची ग्यारंटी न्हाई." ग्यानोबानं ते ऐकलं. मीही ऐकलं.

ग्यानोबाला थांबण्याची एवढी भीती का होती, ते त्यानं एकट्या मला सांगितलं होतं. दुपारी पोरं जेवायला गेली की फडक्यानं माझी जाळी पुसता पुसता तो बोलायचा. माणसांपुढं जे बोलवत नाही ते लोक यंत्रांपुढं बोलतात.

त्र्याण्णव साली पहाटे भूकंप झाला तेव्हा तो औशाच्या बाजारात हमाली करायचा आणि तिथंच निजायचा. धावत गावी पोचला तेव्हा गाव नव्हतं. दगडांचे ढीग होते. त्याचा धाकटा भाऊ लिंबाजी, सतरा वर्षांचा, घरात निजला होता. लिंबाजीला रेडिओचं वेड. उशाशी रेडिओ ठेवून झोपायचा, बंद करायचं विसरायचा. आणि सकाळी आकाशवाणी सुरू झाली तशी त्या ढिगाऱ्याखालून भक्तिगीतं ऐकू येऊ लागली.

"समदी माणसं धावली बघ," ग्यानोबा सांगायचा. "रेडू वाजून राहिला म्हंजे खाली पोकळी हाय, पोकळी हाय म्हंजे लिंब्या हाय. आवाजाच्या रोखानं उकरून राहिलो. बातम्या झाल्या, गाणी झाली. दुपारी रेडू बंद झाला. सेल संपले असतील. मंग आवाज कुठून येत होता तेच समजंना. पल्याड एक लेकरू रडत होतं, माणसं तिकडं गेली. जायलाच पायजे होती. म्या एकला राहिलो."

लिंबाजी दुसऱ्या दिवशी सापडला. तो कधी गेला हे कुणी सांगितलं नाही, आणि ग्यानोबानं विचारलंही नाही. पण चालू यंत्राचा आवाज थांबला की तो हातातलं टाकून त्याच्याकडं धावायचा. म्हणून त्या रेघा. सरांना वाटायचं, शिस्त आहे.

आता देविकाबद्दल सांगतो. ती कंधारची. नांदेडला कॉम्प्युटरचं शिकून सरांकडं कामाला आली होती. मला समजून घेणारी ती एकटीच. श्रावणात, राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, ती सकाळीच हातात फोन घेऊन सरांच्या टेबलापाशी गेली. सरांचं टेबल माझ्या खोलीच्या दाराशीच होतं.

"सर, आपल्या सर्व्हरच्या कर्नेलमध्ये भोक सापडलंय. साऱ्या जगात बोंब झालीय. दुरुस्ती आलीय, आजच लावावी लागंल."

"आपल्याकडं कोण येतंय चोरायला?" सर पेपर तपासत म्हणाले. "प्रश्नपत्रिका तर आपणच नंतर झेरॉक्सवाल्याला देतो."

"प्रश्नपत्रिकांचं सोडा सर. मुलींच्या खोल्यांचे नंबर आहेत त्यात, फोटो आहेत. घरचे फोन आहेत."

सरांनी पेन खाली ठेवलं. "नीट सांग. कर्नेल म्हणजे काय, आणि भोक म्हणजे काय?"

"कर्नेल म्हणजे आतला रेक्टर समजा. कुणाला कुठली खोली द्यायची, कुणाला कुठवर जाऊ द्यायचं, सगळं तोच ठरवतो. मेमरी म्हणजे त्याच्या खोल्या. आता असं बघा, एका पोरानं खोली सोडली. रेक्टरनं वहीत लिहिलं, खोली रिकामी. पण पोराकडची किल्ली घ्यायची विसरला. पुढं त्याच खोलीत रेक्टरनं स्वतःचं कपाट ठेवलं, ज्यात साऱ्या वसतिगृहाच्या किल्ल्या. मग?"

"मग ते पोरगं जुन्या किल्लीनं आत जाईल."

"आणि रेक्टर होऊन बाहेर येईल. आपल्या कुठल्याही विद्यार्थ्याच्या खात्यातून कुणी आत शिरलं, की तो अख्ख्या मशीनचा मालक."

सरांनी तपासायचे पेपर बाजूला सारले. मग म्हणाले, "लाव दुरुस्ती. पण मशीन बंद करू नको हं. रेघा चालू आहेत."

"सर, बंद केल्याबिगर ती लागत नाही. जुना रेक्टर खुर्चीवरून उठला तर नवा बसणार ना?"

सरांनी दाराकडं पाहिलं. दारात ग्यानोबा उभा होता. "कर मग," सर हळूच म्हणाले, "पण पोरांची परीक्षा उरकल्यावर."

देविकेनं दुपारपर्यंत माझ्या पोटातलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. तीन वाजता दुरुस्ती माझ्यात भरली. नवा रेक्टर दाराशी येऊन बसला, पण खुर्चीवर अजून जुनाच होता. सराव परीक्षा साडेपाचपर्यंत चालणार होती, आणि देविकेची कंधारची गाडी सव्वाचारला. सकाळी भावाला राखी बांधायची होती.

"मामा," ती पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "साडेपाचला पोरं उठली की हे बटण दाबायचं. मशीन बंद होईल. पाच मिनिटं थांबायचं. आपली आपण उठेल."

"न्हाई उठली तर?"

"तर मला फोन करा. सगळं उतरवून ठेवलंय, काही जाणार नाही. नवी मशीन येईल. तिचं वय झालंय मामा."

ग्यानोबा माझ्या जाळीकडं बघत राहिला. "बंद कामून करायची चालती मशीन?" तो पुटपुटला.

"सांगितलं ना सरांना. पोरींच्या जिवाचं आहे. कराल ना? नाहीतर मी थांबते."

"जाय तू बाई. भाऊ वाट बघून राहिला असंल. करतो म्या."

देविका गेली. साडेपाचला पोरं उठली, खुर्च्या सरकल्या, दालन रिकामं झालं. ग्यानोबा माझ्यापुढं स्टूल ओढून बसला. बोट बटणावर ठेवलं, उचललं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. कपाळावरचा घाम रुमालानं पुसला. माझ्या मॉनिटरच्या पडद्यावर मी एक ओळ लिहिली होती: पुन्हा सुरू करणे बाकी आहे. पण ती ओळ इंग्रजीत होती, आणि ग्यानोबाला इंग्रजी येत नव्हतं.

मग त्यानं हात पुढं केला आणि पडदा बंद केला. नुसता पडदा. दहापर्यंत आकडे मोजले आणि पुन्हा चालू केला. फोन लावला.

"बंद करून चालू केलं बाई."

"उठली?"

"हाव, उठली. मस्त चालून राहिली."

"देव पावला. ठेवते मामा, गाडीत लई गर्दी हाय."

मित्रांनो, मी ओरडायला हवं होतं. माझ्याजवळ एक लाल दिवा होता, एक टूंऽऽ करणारी शिट्टी होती. पण मलाही मरायचं नव्हतं. मलाही रेघा हव्या होत्या. जन्मभर मी थापा मारल्या, त्या सगळ्या हसण्यावारी गेल्या. ही एकच अशी की मी ती मारली नाही, नुसती होऊ दिली. म्हणून इथून पुढं मी काहीही वाढवून सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी राखी होती. ग्यानोबानं सकाळी दारामागं रेघ ओढली, एक हजार एकसष्टावी. लातुरात राखीलाही सराव परीक्षा चुकत नाही. पोरं मोबाईल रेक्टरांच्या पेटीत ठेवून पेपरला बसली. एकच्या सुमाराला माझ्याकडं कुणीतरी आलं. खातं सत्यम नावाच्या मुलाचं होतं. पासवर्ड म्हणून त्यानं स्वतःचं नाव लिहून पुढं एक दोन तीन टाकलं होतं. सत्यम बिचारा त्या वेळी रसायनाचा पेपर सोडवत होता. आत आलेला सत्यम नव्हता.

तो कोण होता, कुठून आला होता, ते आजवर कळलं नाही. त्यानं जुनी किल्ली काढली, त्या खोलीत गेला, आणि मालक होऊन बाहेर आला. मला वाटलं, गुण बदलेल, काहीतरी चोरेल. त्यानं काही चोरलं नाही. त्यानं माझ्या तोंडून मेसेज पाठवला. क्लासच्या नावानं, दोन हजार तीनशे घरांना.

"लातूरला भूकंप. वसतिगृहाची इमारत कोसळली आहे. मुले आत आहेत."

त्याला कदाचित गंमत वाटली असेल. दूर कुठं बसून त्याला काय माहीत, हे शब्द आमच्याकडं काय करतात ते.

घरची माणसं फोन लावत सुटली. पोरांचे मोबाईल पेटीत वाजत होते. वसतिगृहाचा फोन, सरांचा फोन सारखा व्यस्त. काही मिनिटांत देविकेचा फोन ग्यानोबाला आला. कंधारच्या एका पालकानं तिला तो मेसेज दाखवला होता. "मामा, मशीनची नेटची वायर उपटा आधी! निळी वायर!" त्यानं ती उपटली. पण बाण सुटून गेले होते, आणि हे खोटं आहे असा मेसेज पाठवायचा तर तोही माझ्याच तोंडून जायचा.

तासाभरात मैदानात गाड्या येऊ लागल्या. माझी खोली थंड राहावी म्हणून ग्यानोबा खिडकी उघडी ठेवायचा, तिच्यातून मला सारं दिसत होतं. जीप, छोटा हत्ती टेम्पो, मोटारसायकली. उतरणाऱ्या बापांच्या हातात पहारी होत्या. कुदळी, खोरी, टोपली होती. कुणीही डॉक्टरला आणलं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं, आधी उकरावं लागतं.

आणि त्यांच्यापुढं तीन मजली इमारत धडधाकट उभी, मागं दोन्ही वसतिगृहंही तशीच. माणसं हातात पहार घेऊन तिच्याकडं बघत राहिली.

सरांनी साऱ्या पोरांना मैदानात रांगेनं उभं केलं. एक बाई आपल्या मुलाच्या पाठीत धपाटे घालत होती. "मेल्या, फोन कामून उचलला न्हाईस रं? कामून न्हाई उचललास?" आणि तो रडत हसत म्हणत होता, "आई, फोन पेटीत हाय! पेटीत हाय ना आई!" एक म्हातारा पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायचा, मग भिंतीवरून हात फिरवायचा, मग पुन्हा पोरीच्या.

खिडकीच्या अगदी खाली शिवांगी उभी होती. देवणीकडच्या एका खेड्यातली, बारावीची, भौतिकशास्त्रात पहिली येणारी. तिच्याकडं कुणी आलं नव्हतं. मैत्रिणीनं विचारलं, "तुझे बाबा न्हाई आले?"

"त्यांना कळलं असंल हे खोटं हाय," शिवांगी म्हणाली. तिला थोडं वाईटही वाटलं होतं, आणि थोडा अभिमानही. "माझे बाबा लई हुशार हायेत. ते घाबरायचे न्हाईत."

तिचे बाबा, त्यांचं नाव श्रीमंत, मेसेज आल्याबरोबर निघाले होते. वाटेतल्या एका वळणावर बंद पडलेली ट्रॉली उभी होती. मोटारसायकल तिच्यावर आदळली. ते जागीच गेले. दिवस मावळायच्या आधी सरांच्या फोनवर ती बातमी आली.

सर आणि रेक्टरबाई शिवांगीला घेऊन गाडीत बसवत होते तेव्हा तिला न्यायला आलेला तिचा चुलता म्हणाला की मोटारसायकलला पहार बांधलेली होती, ती सुटून दूर जाऊन पडली होती. शिवांगी रडत नव्हती. तिनं विचारलं, "पहार कशाला बांधली होती बाबांनी?"

ग्यानोबा गाडीचं दार धरून उभा होता. तो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देविका पहिल्या गाडीनं आली. हातावर राखीच्या आदल्या दिवशी काढलेली मेंदी अजून लाल होती. ती माझ्यापुढं बसली आणि तिनं मला एकच गोष्ट विचारली: शेवटचा बंद कधी पडलास? मी आकडा दिला. एक हजार एकसष्ट दिवस आणि वर काही तास. तिनं वळून दारामागच्या रेघा पाहिल्या. त्या दिवशीची रेघ ओढलेली नव्हती.

"मामा, तुम्ही बंद केली म्हणालात."

"पडदा केला होता बाई." ग्यानोबा दारात उभा होता, आत आला नाही. "मशीन न्हाई केली. खोटं बोललो म्या."

देविका एकदम उसळली. "का? मी थांबते म्हणाले होते! का नाही सांगितलं तुम्ही, होत नाही म्हणून?"

तेव्हा त्यानं सांगितलं. रेडिओचं, लिंबाजीचं, दुपारी थांबलेल्या आवाजाचं. आजवर मी एकट्यानं ऐकलेलं. सांगताना त्यानं डोळे पुसले नाहीत. शेवटी म्हणाला, "माझ्या एका आवाजापायी त्या लेकराचा बाप गेला. म्या त्यायला ढिगाऱ्याकडं धाडलं, आन् ढिगारा नव्हताच."

देविका खाली बघत होती. "किती वेळ चालू आहे तो आकडा फोनवर विचारला असता तरी कळलं असतं मला," ती म्हणाली. "एक आकडा. गाडीत गर्दी होती म्हणून फोन ठेवला मी."

सर मागून आले होते. त्यांनी सारं ऐकलं असावं. "जे झालं ते झालं," ते घाईघाईनं म्हणाले. "बाहेरच्या माणसानं केलं ते. ही गोष्ट बाहेर जायला नको." मग त्यांची नजर रेघांवर गेली. नारळ त्यांनीच फोडला होता.

"मी करते आता," देविका बटणाकडं हात नेत म्हणाली.

"न्हाई. माझा जिम्मा हाय."

ग्यानोबा स्टुलावर बसला. देविका त्याच्या मागं उभी राहिली आणि तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं बटण दाबलं. माझा पंखा मंद झाला. डिस्क एकेक करून थांबल्या. पाच मिनिटांनी मला जाग यायची होती. मी धडपडलो मित्रांनो, खरंच धडपडलो. तीनदा टक् टक् झालं. पण दुरुस्तीवाल्याचं बरोबर होतं. मी उठलो नाही.

यानंतरचं मी पाहिलेलं नाही. आता मी नांदेडच्या एका कॉलेजात टेबलावर उघडा पडून असतो. देविका तिथं शिकवते. दरवर्षी नव्या पोरांना माझ्याभोवती उभं करून ती ही हकिकत सांगते, आणि तिच्याच तोंडून मला पुढचं कळलं.

सरांनी नको म्हटलं तरी तेराव्यानंतर ती आणि ग्यानोबा शिवांगीच्या गावी गेले. ओसरीवर श्रीमंतची आई, धोंडाबाई, बसली होती. शिवांगी तिच्याजवळ. ग्यानोबानं उभ्यानंच सगळं सांगितलं. स्वतःचा भूकंप मात्र सांगितला नाही. देविका सांगायला लागली तर त्यानं तिला हातानंच थांबवलं.

शिवांगीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "तुम्ही ते बटण दाबलं असतं, तर बाबा घरीच राहिले असते?"

"हाव," ग्यानोबा म्हणाला.

ती उठून आत गेली. धोंडाबाई एवढंच म्हणाली, "सांगाया आलास. दुसरं कुणी आलं न्हाई." आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

महिन्यानं शिवांगी क्लासला परत आली. वर्ष पुरं केलं तिनं. ग्यानोबाच्या स्टुलासमोरून जाताना ती मान दुसरीकडं वळवायची, आणि ती येताना दिसली की ग्यानोबा उठून उभा राहायचा. वर्षभर हेच. तिनं त्याला माफ केलं नाही. करायलाच हवं होतं असंही मला वाटत नाही.

माझ्या जागी नवा सर्व्हर आला. त्याच्या दारामागं रेघा नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्यानोबा स्वतः त्याला बंद करतो, पुन्हा उठेपर्यंत पुढं उभा राहतो, आणि देविकेला नांदेडला फोन करून आकडा वाचून दाखवतो. आकडे तेवढे इंग्रजी तो आता शिकला आहे.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. दुरुस्ती आली की त्याच दिवशी लावा. लावली एवढ्यावर समाधान मानू नका, यंत्राला एकदा झोपू द्या आणि नवा रेक्टर खुर्चीवर बसला का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जे किती दिवस बंद पडलं नाही याचं कौतुक होतं, त्याच्याकडं जरा संशयानं बघा.

आणि आणखी एक. कधीतरी तुम्हाला असा माणूस भेटेल जो म्हणेल, "चालतंय ना, मग कशाला थांबवता?" त्याला हसू नका, त्याच्यावर चिडूही नका. त्याच्याजवळ बसा. काय थांबेल अशी भीती वाटते ते विचारा, आणि तो सांगेपर्यंत उठू नका. मग तो बटण दाबेल. फक्त ते त्याला एकट्याला दाबायला लावू नका.